वाचताना मागे काय लावावं, किती लावावं

वाचताना मागे लावलेलं संगीत ऐकायसाठी नसतंच. शेजारच्या टीव्हीवर मध्येच फुटणारा हशा, गल्लीतली गाडी, भांड्यांची आदळआपट यांवर पातळ पांघरूण घालणं एवढंच त्याचं काम. १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या अल्बमच्या वेळी ब्रिटिश संगीतकार ब्रायन इनो यांनी या प्रकाराला 'अँबियंट' म्हटलं, तेव्हा त्यांचीही अट हीच होती: लक्ष दिलं तर रस वाटावा, नाही दिलं तर अडू नये.

पहिली काट शब्दांना. डोळे पानावरचे शब्द उचलत असताना कानात दुसरे शब्द आले की एकच ओळ तीनदा वाचावी लागते. दुसरी काट ठेक्याला. म्हणूनच ख्यालाची अख्खी बैठक लावू नये. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, वाचन लागतं आणि द्रुत, म्हणजे जलद भाग, आला की पाय हलायला लागतो. रुद्रवीणा किंवा सूरबहार या तंतुवाद्यांवरचा आलाप उत्तम, पण जोड, म्हणजे त्यापुढचा भाग, सुरू झाला की लय येते. आलापाचाच भाग वेगळा कापून ठेवा. पावसाचा आवाज लावायचा तर ढगांच्या गडगडाटाशिवायचा आणि निदान अर्ध्या तासाचा घ्या. दोन मिनिटांचा तुकडा फिरवत ठेवला तर तोच थेंब पुन्हा आलेला कान बरोबर पकडतो.

सगळ्यात सोपं म्हणजे तानपुऱ्याचं ॲप. पण मराठवाड्यात उन्हाळाभर कूलर चालू, आणि गंमत तिथेच आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटरची गुणगुण १०० हर्ट्झच्या आसपास असते. हा सूर पांढरी पाचच्या, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, जरासा वर पडतो. तानपुरा पांढरी पाचवर लावून बारीक जुळवणीत सुमारे ३५ सेंट चढवा (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). गुणगुण त्यात मिसळून जाते. सूर थोडा इकडेतिकडे राहिला तर दोन्ही आवाज एकमेकांना घासतात, हेलकावे येतात आणि तासाभरात डोकं जड होतं. कूलरची घरघर एकसारखी असेल, तर खरं म्हणजे दुसरं काही लावायची गरजच नाही.

आवाज ठरवताना कूलर चालू ठेवा, पुस्तक उघडा, शून्यापासून चढवत न्या. ऐकू येताच एक टप्पा खाली या. कूलरशी स्पर्धा करू नका. लाइट गेली की कूलर थांबतो, बॅटरीवरचा स्पीकर मात्र चालूच राहतो आणि एकदम अंगावर येतो; तेव्हा आणखी दोन टप्पे उतरवा.

स्पीकर समोर नको. पाठीमागे दोन-अडीच मीटरवर, भिंतीकडे तोंड करून ठेवा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून त्या भिंतीवर जाड वाकळ टांगा. मातीच्या जाड भिंतींच्या माळवदात हा त्रास कमी. घामाच्या दिवसांत कानात घालायच्या इअरफोनपेक्षा स्पीकरच बरा.

सगळं आधी डाउनलोड करून फोन एअरप्लेन मोडवर टाका. ब्लूटूथ तेवढा नंतर चालू करा. मध्येच जाहिरात आली की अर्ध्या तासाची बैठक मोडते. दोन तुकड्यांमधली शांतताही खटकते, त्यासाठी क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरताना दुसरा चढवायची सोय, १०-१२ सेकंदांचा ठेवा.

वीस मिनिटांनी पाहा. आत्ता काय वाजतंय हे आठवावं लागत असेल तर जुळलं. कायद्याची कलमं, गणित किंवा कविता वाचायची असेल तर मात्र बंदच करा. कवितेला तिची स्वतःची लय असते.