बॅटरी बदलण्याआधी मल्टिमीटर लावा

जुनी गाडी सकाळी नुसतं ‘कट्-कट्’ करून गप्प बसली, की लगेच नवी बॅटरी घेऊ नका. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन्ही टोकांना मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. मग इंजिन चालू करा. आता १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. आकडा बाराच्याच घरात अडकला तर अल्टरनेटरचा (चालू इंजिनवर वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारा भाग) पट्टा सैल आहे का ते बघा, नाहीतर अल्टरनेटर किंवा त्याचे व्होल्ट आवाक्यात ठेवणारा रेग्युलेटर गेलाय.

मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत माझा पहिला संशय नेहमी अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला आणि इंजिनला जोडणाऱ्या जोडणीवर. माझ्या गाडीची अर्थिंगची पट्टी वरून ठणठणीत दिसायची; बोल्ट काढला तर खाली नुसता गंज. पॉलिश पेपरने चकचकीत घासली, घट्ट आवळली, गाडी एका झटक्यात सुरू! स्टार्टर मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर तिथेच गडबड आहे.

आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासायला कुणालाही देऊ नका. अल्टरनेटरमधले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) उडतात.