उंची किती ते नंतर, आधी वाढली किती ते सांगा

मुलाची उंची घरी मोजायची तर आधी भिंत बघा. आपल्या बहुतेक फ्लॅटमध्ये भिंतीच्या तळाला फरशीची स्कर्टिंग असते आणि ती भिंतीच्या पुढे आलेली असते. टाचा तिला टेकल्या की पाठ भिंतीपासून सुटते, मूल मागे रेलतं आणि माप बिघडतं. त्यापेक्षा बंद दाराची सपाट फळी घ्या, नाहीतर कपाटाची बाजू. पायाखाली चटई, गालिचा काही नको.

मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका दवाखान्यात मुलांची उंची-वजनं घेते. आमचे डॉक्टर मुलांच्या हार्मोनच्या तक्रारी बघतात. त्यांच्या केबिनमध्ये जाण्याआधी प्रत्येक मूल माझ्या हाताखालून जातं. घोडबंदरवरून येतात, कळव्याहून, ऐरोलीहून, पार बदलापूरहूनही. आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, प्रार्थनेच्या रांगेत हा कायम पहिला असतो हो." रांगेत कोणीतरी पहिलं असणारच. मला विचारायचं असतं, मागच्या जूनमध्ये किती होता? तिथे आई बाबांकडे बघते आणि बाबा मोबाइलकडे.

म्हणून घरी मोजा, पण नीट मोजा. बूट-मोजे काढा. केस सोडा. दोन वेण्या वर बांधून, रिबिनी लावून आलेल्या मुलींच्या आया माझ्यावर चिडतात, कारण इथून थेट शाळा गाठायची असते. पण बांधलेल्या केसांमुळे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सहज वाढतो, आणि आमचा सगळा निवाडा तेवढ्यावरच असतो. टाचा, कुल्हे, खांदे आणि डोक्याचा मागचा भाग दाराला टेकलेला हवा. अंगाने भरलेल्या मुलाचं सगळं एकदम टेकत नाही, तिथे जबरदस्ती करू नका. नजर समोर. कानाचं भोक आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत आली पाहिजे. मुलं हनुवटी वर करतात, उंच दिसायला. हलकेच खाली आणा.

आता जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घ्या, त्याची एक कड दाराला पूर्ण टेकवा आणि केस दबतील इतपत खाली सरकवा. फूटपट्टी आडवी धरू नका, ती हमखास तिरकी होते. पेन्सिलीची खूण करा, मूल बाजूला काढा आणि सुताराची स्टीलची टेप लावा. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणलेली असते. तीनदा मोजा, मधला आकडा धरा, मिलिमीटरसकट आणि तारखेसकट लिहून ठेवा. दर वेळी दिवसाची वेळ तीच ठेवा, कारण मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात आणि सकाळची उंची संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभरही उतरते. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवूनच मोजतात. ते काम दवाखान्यावर सोडा.

दर महिन्याला मोजण्यात अर्थ नाही. चार वर्षांनंतर मूल महिन्याला जेमतेम अर्धा सेंटिमीटर वाढतं, तेवढी चूक मापातच होऊ शकते. सहा महिन्यांनी मोजा.

हिशेब साधारण असा. जन्मताना ५० सेंटिमीटर, पहिल्या वाढदिवसाला ७५, दुसऱ्याला ८५-८७, चौथ्याला शंभराच्या आसपास. तिथून वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर. या काळात वाढ वर्षाला ५च्या खाली गेली तर दाखवून घ्या. ४च्या खाली गेली तर "बघू पुढच्या वर्षी" म्हणू नका. पाळी सुरू झाल्यावर मुलीची उंची सरासरी ५ ते ७ सेंटिमीटरच वाढायची उरलेली असते. कितीतरी पालक मुलीला पाळी आल्यावर येतात, म्हणून हे आधीच सांगते.

जुनी मापं नाहीत? असतात, शोधलेली नसतात. लसीकरणाच्या कार्डावर असतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचा रकाना असतो. शाळेतलं माप ढोबळ असतं, पण चार वर्षांचे आकडे एका खाली एक ठेवले की कल दिसतो. आणि गणवेश आठवा. जूनमध्ये घेतलेला गणवेश तिसऱ्या जूनलाही बसत असेल तर काटकसरीचं कौतुक नंतर करा.

आई-बाबांची उंचीही लागते. ती आम्ही चपला काढायला लावून मोजतो, लग्नाच्या बायोडेटातली चालत नाही. मुलगा असेल तर दोघांच्या उंचीची बेरीज करा, त्यात १३ मिळवा आणि निम्मे करा. मुलगी असेल तर १३ वजा करून निम्मे करा. बाबा १६८, आई १५४ असतील तर मोठेपणी मुलाचं लक्ष्य १६७.५ आणि मुलीचं १५४.५, त्याच्या अलीकडे-पलीकडे सात-आठ सेंटिमीटर. मुलं या पट्ट्याच्या दिशेने वाढत असतील तर बुटकी म्हणून घाबरण्याचं सहसा कारण नाही. वयानुसार उंचीच्या रेघा दाखवणाऱ्या तक्त्याचं म्हणाल तर पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा आणि पुढे १८पर्यंत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा, म्हणजे आयएपीचा, २०१५चा तक्ता वापरतात. त्यातल्या सगळ्यात खालच्या रेघेच्या खाली निरोगी मुलंही असतात, शंभरात तीन. दोन वर्षांनंतर मूल आपली रेघ सोडून खालच्या रेघेकडे घसरायला लागलं, तर तो आमच्या कामाचा विषय.

"आमच्यात सगळे उशिराच वाढतात," असं आजी म्हणाल्या की सुना डोळे फिरवतात. डॉक्टर मात्र ते लिहून घेतात. बाबा कॉलेजात गेल्यावर वाढले का, आईला पाळी कोणत्या वर्षी आली, हे ते विचारतातच. आजींचं खरं की नाही ते डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे सांगतो: हाडांचं वय खऱ्या वयाच्या मागे असेल तर वाढ अजून शिल्लक आहे. पण थायरॉईड किंवा ग्रोथ हार्मोन कमी असलं तरीही हाडं मागेच असतात, म्हणून नुसत्या एक्स-रेवर निश्चिंत होऊ नका.

आता जाड मुलं. "थायरॉईड असेल" म्हणून आणलेल्या मुलांपैकी बरीचशी वर्गात उंचही असतात. खाण्यामुळे वजन वाढलेलं मूल सहसा उंचीलाही पुढे असतं. त्याची मान मागून बघा: काळपट, मखमलीसारखी जाड त्वचा असेल आणि घासूनही जात नसेल तर तो मळ नाही, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण आहे. याउलट वजन वाढतंय आणि उंची थांबली आहे, असं मूल दिसलं की मी फाइल वर ठेवते. तिथे खरोखर हार्मोनचा दोष निघू शकतो.

काही गोष्टींना मापाची वाटच बघायची नाही. सारखी तहान, सारखी लघवी, अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय पुन्हा सुरू, वजन उतरतंय: त्याच दिवशी बोटातून साखर तपासा, उपाशी पोटाची वाट बघू नका. त्यात उलट्या आणि जोरजोरात श्वास असेल तर सरळ हॉस्पिटल. उंची खुंटली आहे आणि सोबत डोकेदुखी, उलट्या किंवा डोळ्यांना दिसण्यात फरक असेल तरी लगेच. आठच्या आधी मुलीच्या छातीला गाठ लागणं किंवा नऊच्या आधी मुलगा वयात येऊ लागणं, हेही लवकर दाखवा. अशी मुलं आधी भराभर वाढतात, घरचे खूश असतात, आणि हाडं लवकर जुळून उंची मध्येच थांबते.

तपासण्यांमध्ये हिमोग्लोबिन, किडनी, कॅल्शियम, थायरॉईड, गव्हाचा त्रास शोधणारी रक्ततपासणी येते. मुलगी बुटकी असेल तर बहुधा गुणसूत्रांचीही, टर्नर सिंड्रोम हा मुलींमधला गुणसूत्रांचा दोष नाही ना हे बघायला. लॅबमध्ये जाऊन "ग्रोथ हार्मोन करून टाका" म्हणू नका. ते मुख्यतः झोपेत, झटक्याझटक्याने सुटतं. दिवसा एकदा घेतलेल्या रक्तावरून काहीच ठरत नाही. त्यासाठी औषध देऊन दोन-तीन तासांत पुन्हा पुन्हा रक्त घ्यावं लागतं. मूल उपाशी असतं, क्लोनिडीन दिलं तर बीपी उतरतं, पेंग येते. पांघरूण आणा, टेस्ट संपल्यावर द्यायला खारट काहीतरी आणा, आणि परत लोकलने नेऊ नका.

थायरॉईडची गोळी सुरू झाली तर सकाळी उपाशी पोटी, दुधाच्या अर्धा तास आधी. बाळाला चुरून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात द्यायची, भरलेल्या बाटलीत मिसळून नाही. लोह-कॅल्शियमची औषधं चार तासांनी. डोस बदलला की साधारण सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासतात. टीएसएच, म्हणजे रक्ततपासणीतला थायरॉईडचा आकडा, नॉर्मल आलं म्हणजे गोळीने काम केलं. ती आपल्या मनाने बंद करायची नाही. उंची वाढवणाऱ्या पावडरींबद्दल विचाराल, तर पैसे ठेवा. लटकण्याचा बार खेळायला ठीक आहे.

ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन रोज झोपताना, कातडीखाली, मांडी-पोट-कुल्हे अशी जागा बदलत. डोस वजनावर ठरतो आणि खर्च महिन्याला हजारोंच्या घरात जातो, म्हणून किती वर्षं लागेल ते सुरू करतानाच विचारा. इंजेक्शनचं पेन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवा, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. गावी जाताना थर्मासच्या पिशवीत बर्फाची पाकिटं आणि पेन यांच्यामध्ये टॉवेलची घडी घाला. औषध गोठलं तर वितळल्यावर दिसायला ठीक दिसतं, तरी ते टाकून द्यायचं.