आधी तिथी, मग तारीख: कोकणातल्या खाडीत शिडाची बोट कशी न्यावी

मुंबई ते गोवा सुमारे २२० सागरी मैल. हे अंतर रोज एका बंदरात मुक्काम करत कापणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. लाइफ जॅकेट, डिझेल, व्हीएचएफ रेडिओ, कागदपत्रे, हवामानाचा अंदाज हे सगळे तुम्ही तपासलेले आहे असे धरतो. हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. त्याबाहेर या किनाऱ्यावर शिडाच्या बोटीचे काम नाही.

१. निघणे. पहाटे निघा. जमिनीवरून येणारा मतलई वारा सकाळी नऊ-दहापर्यंत साथ देतो, मग पडतो, आणि दुपारी वायव्येकडचा खारा वारा भरू लागतो. दक्षिणेला जाताना दोन्ही कामाचे. परतताना दुपारचा वारा तोंडावर येतो, म्हणून तेव्हा निम्मी मजल सकाळीच मारावी.

२. वाटेत. खांदेरी बेटाच्या पुढे डोल जाळ्यांचे (खुंटांना बांधून प्रवाहात लावलेली जाळी) खुंट आणि फ्लोट लागतात. दिवसा एक माणूस नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर बसवा, रात्री किनाऱ्यापासून बरेच बाहेर राहा. जाळ्यावर आलात असे वाटले तर त्याच क्षणी इंजिन न्यूट्रल करा. पंख्यात जाळे गेले तर तुमचा खोळंबा होतो, आणि कोळ्याचे मोठे नुकसान होते.

३. बंदर निवडणे. जयगड आणि विजयदुर्ग खोल आहेत, भरती-ओहोटीची फारशी फिकीर नाही. शंका आली की यांपैकी जे जवळ असेल ते गाठा. मालवणला वाळूपेक्षा खडकांचा धोका मोठा, तिथे दिवसाउजेडी आणि स्थानिक तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) विचारूनच शिरावे. बाणकोट, आंजर्ले, देवबागची कर्ली खाडी यांच्या तोंडाशी मात्र वाळूचा बार, म्हणजे पाण्याखालचा आडवा बांध आहे. पुढचे सगळे त्याच्याबद्दल.

४. बार ओलांडणे. मला सगळ्यात जास्त त्रास दिला तो याच टप्प्याने, आणि सगळ्यात वाईट सल्लेही याच टप्प्याबद्दल मिळतात. ‘गेल्या वर्षीचा जीपीएस ट्रॅक आहे ना, त्यावरून शिरा’ हा त्यातला सर्वात घातक. पावसाळ्यात नदीचा पूर आणि समुद्राच्या लाटा मिळून बारची वाळू हलवतात. मे महिन्यात जिथे तीन मीटर पाणी होते तिथे ऑक्टोबरात उघडी वाळू असू शकते. जुना ट्रॅक पुसून टाका. यंदा कोणाच्या बोटी कुठून जातात ते बघा, आणि त्या बोटीचा ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) किती आहे तेही विचारा. आउटबोर्ड लावलेली हलकी होडी जिथून जाते तिथून तुमची कील, म्हणजे बोटीच्या तळाचा खाली उतरलेला भाग, जाईलच असे नाही.

दुसरा अर्धवट सल्ला म्हणजे ‘भरतीला शिरा’. भरतीच्या नेमक्या कोणत्या भागात? पूर्ण भरतीच्या दोन तास ते एक तास आधी. तेव्हा पाणी चढते असते. चुकून टेकलात तरी थोड्या वेळात बोट आपोआप सुटते. भरती ओसरताना टेकलात, तर पुढच्या भरतीपर्यंत लाटांचा मार खात पडून राहाल. शिवाय ओहोटीचा लोंढा बाहेर येणार आणि समुद्राची लाट आत जाणार, दोन्ही बारवर भिडतात. लाट उभी राहते आणि फुटते. ओहोटी लागलेली असताना बारवर जाऊ नका, मागून कितीही घाई होत असो.

वेळ काढायला कोळ्यांचा हिशेब आजही उपयोगी आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा अंदाज मुंबईच्या आसपासचा. दक्षिणेला भरती थोडी आधी येते, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या कोष्टकातूनच घ्या. पण या हिशेबातून एक मोठी गोष्ट कळते. चतुर्दशी ते द्वितीया भरती दुपारच्या सुमारास पुरी होते. म्हणजे बारवर तुम्ही साधारण नऊ ते बाराच्या दरम्यान असता, खारा वारा जोर धरण्याआधी, आणि उधाणाचे, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचे, भरपूर पाणी खाली असते. अष्टमीच्या आसपास उलटे: भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, कमी पाणी, आणि शिरायची वेळ दुपारी चार-पाच, जेव्हा वाऱ्याने लाटा सगळ्यात उंच केलेल्या असतात. म्हणून बार असलेल्या खाडीत जायचे तर आधी पंचांग बघा आणि निघायची तारीख त्यावरून ठरवा. उधाणात प्रवाह जोरदार असतो हे खरे, पण चढत्या पाण्यात तो तुम्हाला आतच नेतो.

आता पाण्याचा हिशेब. चार्टवर (सागरी नकाशावर) खोली ०.८ मीटर, त्या वेळची भरती २.४, एकूण ३.२. ड्राफ्ट १.८ असेल तर कीलखाली १.४. एक मीटरची लाट असेल तर तिच्या खळग्यात आणखी अर्धा मीटर जातो, उरले ०.९. मी एक मीटरच्या खाली जात नाही, त्यामुळे या आकड्यांवर मी बाहेरच थांबेन. चार्टवरचा आकडा जुना असू शकतो हे धरून तुम्हीही थांबा.

समुद्राच्या बाजूने फुटणाऱ्या लाटा दिसत नाहीत, फक्त त्यांच्या पाठी दिसतात. बार शांत वाटतो तो यामुळे. बाहेर वीस मिनिटे थांबून नुसते बघा: मोठ्या लाटा किती वेळाने येतात, पांढरे कुठे होते, कुठला पट्टा सलग काळा राहतो. खाडीचे तोंड पश्चिमेला, म्हणजे आत जाताना सकाळचा सूर्य डोळ्यांत. नऊच्या आधी हा पट्टा ओळखूच येत नाही. एका बाजूला डोंगराचे टोक आणि दुसरीकडे वाळूची जीभ असेल तर पाणी बहुधा डोंगराकडे खोल असते, पण टोकाच्या पायथ्याचे खडक विसरू नका.

ठरले की सगळी दारे-झडपा बंद, सगळ्यांचे हार्नेस अडकवलेले, डिंगी (छोटी होडी) डेकवर, नांगर सोडायला तयार. इंजिन चालू, आणि मेन शीड रीफ करून (थोडे गुंडाळून लहान करून) वर. इंजिन बंद पडले तर तेच वाचवते. लाट बरोबर मागून घ्या, तिच्या पाठीवर राहा, तिच्यापुढे धावू नका. बारवर मध्येच वळायचे नाही. मागे फिरायचा निर्णय बाहेर असतानाच घ्यायचा.

५. आत आल्यावर. बोये असतील तर लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. फेरीबोटीची वाट सोडून नांगर टाका आणि साखळी पूर्ण भरतीच्या खोलीच्या पाचपट सोडा. बंदर खात्याच्या कार्यालयात नोंद करा. ओहोटी लागल्यावर बोट उलटी फिरेल. ती फिरून नांगर धरल्याची खात्री होईपर्यंत कोणीतरी डेकवर थांबा.