टीडीएस कुठला? आधी कागद बघा

नौपाड्यातल्या औषधांच्या दुकानात मी २२ वर्षं काउंटरला उभी आहे. गेल्या पावसाळ्यात खारकर आळीतल्या एक आजी आल्या. पिशवीतून तीन कागद काढून त्यांनी काचेवर मांडले आणि म्हणाल्या, "ताई, तिन्हींवर टीडीएस लिहिलंय. माझं नक्की काय वाढलंय गं?"

एक बँकेचं पत्र, एक पाण्याच्या फिल्टरवाल्याची पावती, एक डॉक्टरांची चिठ्ठी. पावतीवर बोअरच्या पाण्याचा टीडीएस ३४० लिहिला होता. तो आकडा रक्तातल्या साखरेसारखा वाटून आजींनी धास्ती घेतलेली. आणि जिथे खरंच लक्ष द्यायचं, त्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल मात्र दोन दिवस दिवसाला एकच घेत होत्या. चिठ्ठीतलं टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा. मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

म्हणून सांगते, अक्षरांकडे नंतर बघा, आधी कागद कोणी दिलाय ते बघा. बँकेने दिला असेल तर टीडीएस म्हणजे व्याजातून आधीच कापून घेतलेला कर. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या ठेवींवर एका बँकेत वर्षाचं व्याज १ लाखाच्या वर गेलं की तो कापतात. फिल्टरवाल्याचा टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतो, म्हणजे आजींचे ३४० घाबरण्यासारखे नव्हतेच. डॉक्टरांचा टीडीएस लॅटिनमधून आलाय, 'टेर डाय सुमेंडम'.

मग शेजारचा शब्द बघा. आपल्या ठाण्यात हे फार उपयोगी पडतं. 'टीएमटीने या' म्हटलं की बस. 'टीएमटी करून या' म्हटलं की पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची तपासणी. आणि 'टीएमटी काय किलो' विचारलं तर घर बांधायला काढलंय, सळई हवीय. तेच टीएमसीचं. टीएमसीची पाणीपट्टी ठाणे महापालिकेची. आधी आकडा आला तर ते धरणाच्या पाण्याचं माप, एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. बंगालच्या निवडणुकीच्या बातमीत तृणमूल काँग्रेस. खारघरला जाणाऱ्या पेशंटच्या फाइलवर टाटा मेमोरियल सेंटर.

इथवर अंदाज चुकला तरी फार बिघडत नाही. औषधात मात्र अंदाज बांधू नका, हे मी हात जोडून सांगते. ओडी म्हणजे एरवी दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या चिठ्ठीवर तेच ओडी उजवा डोळाही असू शकतं. एसओएस वाचून घरचे घाबरतात, पण तापाच्या गोळीपुढे ते असेल तर अर्थ एवढाच, ताप आला तरच घ्या. एचएस म्हणजे झोपताना. बीडी दोनदा.

चिठ्ठी हातात पडली की तिथेच, उठायच्या आधी डॉक्टरांना विचारा, "सकाळ, दुपार, रात्र किती?" आणि समोर लिहून घ्या, १-०-१ किंवा १-१-१. तिथे राहून गेलं तर आम्हाला विचारा. गर्दी असली तरी विचारा, मागच्यांना थांबू दे. आम्हालाही अक्षर लागलं नाही तर आम्ही फोन करतो, त्यात कसला आलाय कमीपणा. आणि स्ट्रिपमधून गोळ्या काढताना तारीख छापलेलं टोक शेवटपर्यंत राखा.

आजींच्या पाकिटावर मी जाड मार्करने 'सकाळी १, दुपारी १, रात्री १' लिहिलं. बँकेच्या पत्रावर 'कर' आणि पावतीवर 'पाणी'. तिन्ही कागद त्यांनी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले आणि दुपारची कॅप्सूल दुकानातच पाणी मागून घेतली.