लॅटिन रूट्सवरून इंग्लिश शब्द शिकताय? मग या चुका टाळा

रूट्स, म्हणजे शब्दांची मूळं, पाठ केली की शब्द आपोआप कळायला लागतात असं सगळेच सांगतात, आणि त्यात बरंच तथ्य आहे, पण मी सुरुवातीला वहीभर रूट्स आणि त्यांचे अर्थ उतरवले, घोकून घोकून पाठ केले, नी तरीही उतारा वाचायला घेतला की अडायचेच. कारण तेव्हा लक्षातच आलं नव्हतं की रूट शब्दात जसाच्या तसा क्वचितच बसतो.

आता हे बघा. लॅटिनमधे कापेरे म्हणजे पकडणं, घेणं. त्यातून कॅप्चर आला हे लगेच दिसतं. पण ॲक्सेप्ट, रिसेप्शन, रेसिपियंट, रिसीव्ह हेसुद्धा त्याच घरातले, फक्त कुठे कॅपचं सेप्ट झालं, कुठे सिप, आणि रिसीव्ह फ्रेंचमधून फिरून आला म्हणून त्याचं रूप अजूनच वेगळं. फाकेरे म्हणजे करणं, त्याचंही तेच: फॅक्टरी, इफेक्ट, एफिशियंट, डेफिसिट. म्हणून वहीत एकटा रूट लिहू नका, त्याची सगळी रूपं एकाच ओळीत लिहा, प्रत्येकासमोर एक ओळखीचा शब्द. माझी गाडी तिथूनच पुढे सरकली.

प्रीफिक्स, म्हणजे शब्दाच्या आधी जोडले जाणारे तुकडे, तेही असेच वेश बदलतात. इनचं इम्पॉसिबलमधे इम होतं, इल्लीगलमधे इल, इरेग्युलरमधे इर. आणि ॲड, म्हणजे 'कडे', तो तर पुढच्या अक्षरात पार विरघळून जातो, ॲट्रॅक्टमधे दोन टी आणि ॲफर्ममधे दोन एफ त्यामुळेच आले. ॲकोमोडेटचं स्पेलिंग भल्याभल्यांचं चुकतं ना? ॲड अधिक कॉम अधिक मोडस, अशी फोड केली की दोन सी आणि दोन एम कुठून आले ते दिसतं, मग पाठ करावंच लागत नाही. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता! तसंच सुपरसीडचं. प्रिसीड, सक्सीड हे केडेरे म्हणजे जाणं यातून आले म्हणून त्यांच्यात सी आहे, सुपरसीड मात्र सेडेरे म्हणजे बसणं यातून, म्हणून तिथे एस.

पुढची चूक जरा धोक्याची आहे. इन म्हणजे 'नाही' एवढंच धरून बसलात तर इनफ्लेमेबलचा अर्थ न पेटणारा असा लावाल, आणि तो आहे बरोब्बर उलटा, सहज पेटणारा! तिथला इन 'आत' वाला आहे, लॅटिन इनफ्लामारे म्हणजे पेटवणं. याच घोळामुळे धोक्याच्या पाट्यांवर आता फ्लेमेबल लिहायची पद्धत आलीये. न पेटणाऱ्याला नॉन-फ्लेमेबल म्हणतात.

दिसायला सारखे पण वेगळ्या घरचे रूट्सही नीट बघा. पेडेस्ट्रियन आणि पेडल यातला पेड लॅटिन, अर्थ पाय. पण पेडियाट्रिशियनमधला पेड ग्रीक, अर्थ मूल. होमो सेपियन्समधला होमो लॅटिन, म्हणजे माणूस, आणि होमोजीनियसमधला ग्रीक, म्हणजे सारखा.

आपल्याला पेड बघून पाद आठवतो, डेंटल बघून दंत, डिसेंबरमधल्या डेसेमवरून दश. लक्षात ठेवायला हे झकास आहे, जरूर वापरा. पण त्यावरून लॅटिन संस्कृतमधून निघाली असं लिहू नका, त्या बहिणी आहेत, दोघींची मूळ भाषा एकच.

आणि प्रत्येक जुन्या अक्षरामागे लॅटिन शोधू नका. डेट (debt), म्हणजे कर्ज, यातला न उच्चारला जाणारा बी खरंच डेबिटमच्या आठवणीने विद्वानांनी नंतर घुसवला, इंग्रजीत तो शब्द आला तेव्हा बी नव्हताच. पण आयलंडमधला एस चुकीने आलाय! तो शब्द मूळचा जुन्या इंग्रजीतला, लॅटिन इन्सुलाशी त्याचं काहीच नातं नाही, आइल (isle, अर्थ बेटच) या शब्दाच्या नादाने लोकांनी एस चिकटवला. इन्सुला खरा हवा असेल तर पेनिन्सुला बघा, पेने इन्सुला, म्हणजे जवळजवळ बेट.

शेवटचं, मूळ अर्थ म्हणजे आजचा अर्थ नव्हे. मॅन्युफॅक्चर म्हणजे मुळात हाताने केलेलं, आज कारखान्यात सगळं मशीन करतं तरी शब्द तोच. त्यामुळे नवीन शब्द दिसला की आधी रूटवरून अंदाज बांधा, तो पेन्सिलने लिहा, मग डिक्शनरीत आजचा अर्थ आणि व्युत्पत्ती दोन्ही बघा, आणि जिथे अंदाज चुकला तेवढेच शब्द वेगळ्या पानावर काढा. रिव्हिजन त्या पानाचीच करा.