कामगारांची वैद्यकीय तपासणी: या चुका टाळा

वर्षातून एकदा गेटात तपासणीची गाडी येते, दोन दिवसांत दोनशे माणसं उरकली जातात, सगळ्यांच्या नावापुढे ‘फिट’ लागतं आणि फाइल कपाटात जाते. सेफ्टी ऑफिसर म्हणून २२ वर्षं मी हेच पाहत आलोय. आता नव्या दमाची एचआरची मुलंही तेच करताना दिसतात, म्हणून लिहायला बसलो.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे कानाची तपासणी वाटेल तेव्हा, वाटेल तिथे करणं. एका कारखान्यात प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रे दाबून आकार देणाऱ्या विभागाच्या, ४२ जणांची ऑडिओमेट्री (यंत्रावर ऐकण्याची तपासणी) ठेवली होती. रातपाळी सुटली की घरी जाण्याआधीच आटपून घ्या, असं ठरलं. कँटीनच्या कोपऱ्यात यंत्र मांडलं आणि पलीकडे ताटं वाजत होती. रिपोर्ट आला तेव्हा १७ जणांना कमी ऐकू येतं, असं निघालं. शॉपमध्ये एकच खळबळ. युनियनची माणसं माझ्या टेबलाशी, आणि दोघांनी तर घरी सांगून टाकलं की आता नोकरी जाणार.

आठ तास प्रेसच्या दणक्यात उभं राहिलेल्या माणसाचा कान काही काळ बधिर असतो. विश्रांती मिळाली की तो बराचसा सावरतो. म्हणून तपासणीआधी निदान १४ तास गोंगाटापासून लांब राहायला हवं. मी हट्ट धरून सगळी तपासणी पुन्हा लावली. या वेळी साप्ताहिक सुट्टीनंतर, पाळी लागायच्या आधी, बंद बूथमध्ये. १७ मधले ४ उरले.

त्या चौघांच्या आलेखात मात्र ४००० हर्ट्झजवळ, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजापाशी, खड्डा होता. गोंगाटाने कान जायला लागला की बहुतेकदा तो तिथून जातो. समोरासमोरचं बोलणं तेव्हा नीट ऐकू येत असतं, त्यामुळे माणसाला स्वतःला पत्ताच लागत नाही.

चौघांत एक काका होते, त्यांचे जुने रिपोर्ट मी कपाटातून काढले. तिथे ४००० हर्ट्झला आधी २५ डेसिबल, पुढच्या वर्षी ३५, मग ५०. हा आकडा जितका मोठा, तितकं कमी ऐकू येतं. पाकिटं चिकटवलेली होती तशीच होती. काका एवढंच म्हणाले, “साहेब, मला कुणी सांगितलंच नाही.” गेलेला कान परत येत नाही. पहिलं पाकीट त्याच वर्षी उघडलं असतं, तर मशीनचा आवाज कमी करता आला असता, काकांची जागा बदलता आली असती, निदान इअरप्लग नीट बसतोय का हे तरी बघता आलं असतं.

तेव्हापासून मी एक वही ठेवतो. प्रत्येक कामगाराला एक पान, दरवर्षीचे आकडे शेजारी शेजारी, आणि फरक पडला की लाल पेन. ‘नॉर्मल’ शिक्क्यावर मी थांबत नाही. मर्यादेच्या आत असलेला आकडासुद्धा दरवर्षी सरकत असेल तर तो माणूस मला भेटायलाच हवा. सॉफ्टवेअर वापरा, हरकत नाही. पण रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांसोबत बसून एकेक नाव वाचायला दोन दिवस काढावेच लागतात, आणि ज्याचा रिपोर्ट त्याला त्याच्या भाषेत समजावून द्यावा लागतो.

सगळ्यांना एकच पॅकेज लावू नका. लॅबवाल्याची यादी साखर आणि कोलेस्टेरॉलची असते, धोका मात्र कामाप्रमाणे बदलतो. शिशात काम करणाऱ्याच्या रक्तातलं शिसं मोजा. सिलिकाची, म्हणजे वाळू-दगडाची बारीक धूळ असेल तर छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणं) हवी. क्रेन, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याची नजर बघा. मी लॅबला फोन करण्याआधी शॉपमधून एक फेरी मारतो आणि कोण कशात हात घालतोय ते लिहून आणतो.

स्पायरोमेट्रीत घाई केली तर पैसे पाण्यात. जोरात आणि शेवटपर्यंत फुंकायचं, आणि निदान तीन फुंका नीट यायला हव्यात. मिनिटाला एक माणूस या वेगाने ते होत नाही.

रुजू होण्याआधीची तपासणी टाळू नका. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात ४१-सी कलम आलं. घातक पदार्थाच्या कामावर लावण्याआधी आणि पुढे जास्तीत जास्त १२ महिन्यांच्या अंतराने तपासणी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पहिला आकडाच नसेल, तर पुढच्या आकड्याशी ताडून काय पाहणार?

कंत्राटी माणसं ठेकेदाराची म्हणून सोडू नका. सगळ्यात जास्त धुळीत बहुतेकदा तीच असतात.

तपासणीचा खर्च कामगाराच्या पगारातून कापू नका, आणि त्याची सुट्टीही त्यात घालवू नका.

बाईला एक्स-रेसाठी उभं करण्याआधी ती गरोदर आहे का, हे एकांतात विचारा.

रिपोर्ट सुपरवायझरच्या टेबलावर पडू देऊ नका. त्याला एवढंच कळलं पाहिजे की हा माणूस या कामाला योग्य आहे की नाही, आणि काही बंधनं असली तर कोणती. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालायला तर २०१७च्या कायद्याने मनाई आहे.

आणि काम सुटलं की तपासणीही सुटली, असं समजू नका. ४१-सी मध्ये काम सोडल्यानंतरच्या तपासणीचाही उल्लेख होता. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, धुळीतलं काम सुटल्यावर कित्येक वर्षांनी दिसू शकतो. निवृत्त होणाऱ्याच्या हातात मी शेवटच्या दिवशी त्याचे सगळे एक्स-रे, सगळे आलेख आणि वहीतल्या पानाची प्रत देतो. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहितो: कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर हे आधी दाखवा.