मोबाइलवरचा जमाखर्च: नोंदी कशा ठेवाव्यात, अंदाजपत्रक कसे बांधावे

खर्चाच्या नोंदीचे ॲप फोनमध्ये घेतले, की पहिल्याच दिवशी प्रत्येक सदरासाठी महिन्याची मर्यादा ठरवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण प्रत्यक्षात किती खर्च होतो हे माहीत नसताना ठरवलेले आकडे दहाव्या दिवशीच कोलमडतात आणि मग ॲप उघडणेही नकोसे होते. पहिला महिना केवळ नोंदींचा ठेवावा.

सुरुवातीला ॲपमध्ये बचत खाते, रोख आणि क्रेडिट कार्ड अशी स्वतंत्र खाती उघडून प्रत्येकात त्या दिवशीची शिल्लक भरावी. कार्डाच्या बाबतीत ही शिल्लक म्हणजे देणे असते. पगार सात तारखेला होत असेल, तर महिन्याची सुरुवातही सात तारखेपासून धरावी. बहुतेक ॲपमध्ये ही सोय सेटिंग्जमध्ये असते. सदरे आठ-दहाच पुरतात: वाणसामान, दूध-भाजी, घरभाडे किंवा हप्ता, वीज-गॅस-फोन, प्रवास, औषधपाणी, शिक्षण, बाहेरचे खाणे. ‘किरकोळ’ हे सदर टाळता येत नाही, पण त्यातली रक्कम वाणसामानाच्या जवळपास जाऊ लागली, तर त्या नोंदी एकदा उघडून पाहाव्यात. त्यांतून एखादे नवे सदर हमखास निघते.

हिशेब बिघडतो तो मुख्यतः खर्च आणि बदली यांची गल्लत झाल्यामुळे. समजा, ४ तारखेला क्रेडिट कार्डावर ३,२०० रुपयांचे वाणसामान घेतले आणि पुढच्या महिन्यात त्या कार्डाचे बिल बचत खात्यातून भरले. खर्च ४ तारखेलाच झाला. बिल भरणे म्हणजे एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्याकडे वळवणे. दोन्ही नोंदी खर्चात टाकल्या, तर तेच ३,२०० रुपये दोनदा मोजले जातात. एटीएममधून काढलेले पैसेही असेच बचत खात्यातून रोख खात्यात बदली म्हणून दाखवावेत.

यूपीआय लाइटचेही तसेच आहे, आणि इथे भले भले चुकतात. या सोयीत आधी थोडी रक्कम लाइटच्या शिलकीत भरावी लागते आणि मग छोटे व्यवहार पिन न टाकता होतात. डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यांची मर्यादा एका व्यवहाराला १,००० आणि एकूण शिलकीला ५,००० रुपये केली. बँकेच्या पासबुकात मात्र फक्त रक्कम भरल्याची नोंद दिसते. चहा, रिक्षा, कोथिंबिरीची जुडी यांचे वेगवेगळे आकडे तिथे येत नाहीत. म्हणून लाइटचे स्वतंत्र खाते उघडावे आणि हे व्यवहार पेमेंट ॲपमधल्या यादीवरून रोज रात्री उतरवून घ्यावेत.

बँकेचे संदेश वाचून आपोआप नोंद करणारी ॲप अँड्रॉइडवर मिळतात; आयफोनवर ॲपला संदेश वाचू दिले जात नाहीत. सोय मोठी आहे, पण ओटीपीही त्याच संदेशांत येतात हे लक्षात घेता, अनोळखी कंपनीच्या ॲपला अशी परवानगी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत चालणाऱ्या अकाउंट ॲग्रिगेटरमार्फत, म्हणजे आपल्या संमतीने बँकेतली माहिती ॲपपर्यंत पोहोचवणाऱ्या मध्यस्थ कंपनीमार्फत, माहिती देणे त्याहून बरे, कारण तिथे संमती ठरावीक मुदतीची असते आणि ती मागेही घेता येते. हाताने नोंद करणे कंटाळवाणे खरे, परंतु खर्चाची जाणीव त्यानेच अधिक राहते.

महिना संपला, की ॲपमधली शिल्लक बँकेच्या शिलकीशी जुळवून पाहावी आणि मगच मर्यादा ठरवाव्यात. त्या ठरवताना वर्षातून एकदाच येणारे खर्च विसरू नयेत: विम्याचा १८,००० रुपयांचा हप्ता असेल, तर दरमहा १,५०० रुपये वेगळ्या बचत खात्यात वळवावेत, आणि गणपती-दिवाळीची तजवीजही याच पद्धतीने करावी. मर्यादा ओलांडली गेली, तर आकडा लगेच वाढवू नये. आधी दुसऱ्या सदरातली उरलेली रक्कम तिकडे वळवावी. तेच सदर सलग तीन महिने फुगत असेल, तर मात्र मर्यादाच चुकीची ठरली असे समजून ती बदलावी.

काही ॲप सगळ्या नोंदी केवळ फोनमध्येच साठवतात. अशा ॲपमधून दर महिन्याला एक्सेलची किंवा सीएसव्ही फाइल काढून ती ईमेलवर किंवा संगणकावर ठेवावी, आणि फोन बदलताना जुना फोन पुसण्यापूर्वी ती फाइल उघडते ना, हे पाहून घ्यावे.